खुणा टाकणाऱ्या पोरीची माय

"बटन बदला भाऊ. हात जोडते. उद्यापासून काडी आना, गोटा आना, काही बी आना, पन हे पितळेचं बटन नोका आनू."

"काहून बदलू? माह्या बापापासूनची वाट्याची खून हाय ते."

"मंग मी सोसायटीच्या मिटिंगीत सांगून देईन. सगळ्याइच्या समोर."

"सांग ना सूनबाई. आत्ताच जाऊन सांग. मंग तुही पोट्टी पुन्हा बाजेच्या पायाले बांधली जाईन, अन् तू पाहत बसशीन."

मी तलावाच्या पाळीवर बेशरमाच्या झुडपाआड काटक्या वेचत होते. उठावं तर दिसेन, म्हणून बसून राहिले. गुडघे ओरडत होते, पण कान खूश होते. खोटं कशाला सांगू. माणूस खाकरत निघून गेला. बाई खाली उतरली, तलावाच्या पाण्यानं तोंड धुतलं, पदराला पुसलं आणि घरी गेली.

याला आता चार वर्षं झाली. बाई म्हणजे ज्योत्सना, माझी शेजारीण. आमच्या दोन घरांमध्ये कमरेइतकी मातीची भिंत. तिच्या चुलीवर काय शिजतं ते मला न सांगता कळे, आणि माझं पोट कशानं दुखतं ते तिला. माणूस म्हणजे यादोराव, नात्यानं तिचा चुलत भासरा, म्हणजे नवऱ्याचा मोठा चुलत भाऊ, तलावावर मासोळीचे वाटे पाडणारा. ज्या पोट्टीचं नाव निघालं ती नीतू, ज्योत्सनाची एकुलती एक, तेव्हा दहा वर्षांची.

आता बटणाचं सांगते. पण त्याच्याआधी ज्योत्सनाचं सांगावं लागेल.

ती पवनीकडची, वैनगंगेच्या काठची. आमच्यासारखीच मासोळी धरणाऱ्यांची, पण नदीवाल्यांची. लिलाधरशी लग्न होऊन आमच्या गावात आली तेव्हा तलावाकडं पाहून म्हणाली, "काकी, नदीचं पानी कसं चालते. तुमच्या तलावाचं पानी बुढ्यावानी बसून राहते." मला राग आला होता. आमचा तलाव काही लहान नाही, मोहाडी तालुक्यात त्याचं नाव आहे. पण पोरगी हसरी होती, हाताची चपळ होती. मरळ सोलायला बसली की मरळीला कळायच्या आत सोलून व्हायची.

नीतू झाली. दीड वर्षाची होईस्तोवर काही वेगळं वाटलं नाही. मग दिसायला लागलं. नाव घेऊन हाक मारली तर मान वळवायची नाही, आणि मी माझ्या घरात बिस्किटाचा पुडा फोडला तर भिंतीवरून हात पुढं. म्हणजे बहिरी नव्हती. बोलायची नाही. तलावाकाठचे शंख गोळा करून भिंतीच्या कडेनं रांग लावायची, घरापासून पार हातपंपापर्यंत. त्यातला एक जरी कोणी सरकवला तर अशी किंचाळायची की तलावावरचे बगळे उडून जायचे. कुकरची शिट्टी झाली की दोन्ही कान दाबून कोपऱ्यात. खायची काय, तर कोरडा पांढरा भात आणि तळलेले झिंगे. भाताला वरणाचा थेंब लागला की ताट अंगणात. तेही मायच्याच हातानं, मायच्या बांगड्या वाजत असल्या तरच घास आत जायचा.

गावात डॉक्टर नाही, पण रोग सांगणारे घरोघरी. ज्योत्सनाची सासू मंदाबाई म्हणाली, गरोदर असताना गिऱ्हानात मासोळी कापली, त्याचं फळ. ज्योत्सना लगेच म्हणाली, "आत्याबाई, त्या दिवशी मासोळी कापाले तुमीच त आनून देल्ली होती." मंदाबाई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा गिऱ्हान सुरू.

मग भंडाऱ्याच्या दवाखान्यात फेऱ्या. मी दोनदा सोबत गेले होते, म्हणून बसमधलं मला ठाऊक. बसचा भोंगा वाजला की नीतू किंचाळायला लागे, डोकं खिडकीवर आपटे. ज्योत्सना आपला हात खिडकी आणि पोरीचं डोकं यांच्या मध्ये ठेवायची. भंडारा येईस्तोवर हाताची बोटं निळी. आणि बसमधले लोक! "एक थापड द्या बाई, चूप होईन." "लाडानं बिघडवली." एका म्हाताऱ्यानं सांगितलं, "आमच्या टायमाले अशे पोट्टे नव्हते." ज्योत्सना म्हणाली, "होते ना बाबाजी. पन त्याइले बसमंदी कोनी आनत नव्हतं." म्हातारा पुढच्या स्टॉपवर उतरून गेला. त्याचं गाव आलं होतं का नाही, देव जाणे.

डाक्टरीणबाईनं नीट तपासलं, दोन-तीनदा बोलावलं, मग सांगितलं की याला ऑटिझम म्हणतात. घरी येताना ज्योत्सना माझ्या खांद्याला टेकून म्हणाली, "काकी, चांगलं सांगतलं का वाईट, मले समजून नाही राहिलं. बिमार नाही मनते, अन् बरी होनार नाही बी मनते. शिकवाल तशी हळूहळू शिकन मनते. कोन शिकवनार? मीच ना?"

"तूच, नाहीतर कोन," मी म्हटलं.

"अन् मी मेली त?"

तेव्हा ती तिशीची पण नव्हती. मी तिला दटावलं. पण ते तिच्या डोक्यातून कधी गेलं नाही. हाच एक तिचा घोर होता. पोरगी बोलावी, शाळेत जावी, हे तिनं पुढं सोडून दिलं. आपल्यामागं पोरीला कोणी बांधू नये, एवढंच धरून बसली.

कारण बांधलेली तिनं पाहिली होती. नीतू चार वर्षांची असताना रोवणीचे, म्हणजे भातलावणीचे, दिवस होते. ज्योत्सना बायांच्या गँगसोबत रोवणीला जायची, पोरगी सासूकडं. आधी सोबत नेऊन पाहिलं होतं, पण नीतू लावलेले परे, म्हणजे भाताची रोपं, उपटून पुन्हा बांधावर रांगेत मांडायला लागली, तेव्हा गँगवाल्या बाया म्हणाल्या, "तू ये व बाई, पन तुही इंजिनियर घरी ठेव." मंदाबाईचे गुडघे माझ्यापेक्षा वाईट. एक दिवस तिचा डोळा लागला आणि पोरगी तलावात गळ्याइतक्या पाण्यात उभी सापडली. ओरडत नव्हती, काही नाही, पाण्याकडं पाहत होती. दुसऱ्या दिवसापासून मंदाबाईनं जुन्या लुगड्याची पट्टी फाडून तिचा पाय बाजेच्या पायाला बांधला. सुताची दोरी नाही, मऊ लुगडं. मंदाबाई वाईट बाई नाही. मीही तिच्याजागी काय केलं असतं, सांगता येत नाही.

ज्योत्सना चिखलाच्या पायांनी घरी आली आणि ते पाहिलं. त्या दिवशी ती सासूवर ओरडली नाही. पट्टी सोडली, घडी करून चुलीत टाकली. रोवणीला जाणं बंद केलं. पण आपण घरात नसलो की पट्टी पुन्हा निघते, हे तिला कळत होतं. पायाच्या वळावरून दिसायचं.

आता वाटे. आमच्या तलावात मच्छीमार सोसायटीचं जाळं ओढलं की मोठी रोहू-कतला वजनावर व्यापाऱ्याच्या गाडीत जाते. उरते ती बारकी, फाटलेली, झिंगे, एखाददुसरी मरळ. ती घरोघरी वाटायची. त्यावर बायांचा बाजार चालतो. अठरा घरं, म्हणून पळसाच्या पानांवर अठरा ढिगल्या, एका ओळीत. ढिगल्या पाडायच्या यादोरावनं. पण जो वाटे पाडतो त्यानं वाटा द्यायचा नाही, हा आमच्या बापजाद्यांचा कायदा. प्रत्येक घरानं आपली एक खूण आणायची: कोणाचं बटण, कोणाचा बांगडीचा तुकडा, काडी, गोटा. माझा चिंचोका. सगळ्या खुणा एका सुपात टाकायच्या, आणि ज्याला आपला-परका नाही अशा माणसानं एकेक उचलून एकेका ढिगलीवर ठेवायची. जिथं तुमची खूण, तो तुमचा वाटा. मग कुरकुर करायची नाही.

हे काम गावातल्या टेकचंदचा बाप करायचा. आंधळा होता म्हातारा. तो वारला तेव्हा पाळीवर प्रश्न पडला. लहान पोरांना बसवलं तर पोरं आपल्या घराची खूण ओळखतात, हळूच मोठ्या ढिगलीवर ठेवतात. दोन वेळा भांडणं झाली. तिसऱ्या वेळी ज्योत्सना उभी राहिली. गच्च पदर खोचून म्हणाली, "माह्या नीतूले बसवा. तिले ना आपला समजते ना परका. एवढे वर्स तुमीच त सांगून राहिले मले."

लोक हसले, पण कोणाला नाही म्हणता येईना. टेकचंद तेव्हा नुकताच सोसायटीचा अध्यक्ष झाला होता. तो म्हणाला, "बसवून त पाहू."

नीतू बसली. सुपातली एकेक खूण उचलायची, डोळ्याजवळ नेऊन पाहायची, ढिगलीच्या बरोबर मध्यावर ठेवायची, पुढं सरकायची. अठरा झाल्या की टाळी वाजवायची, एकच. असं काम त्या तलावावर कोणी इतक्या नेमानं केलं नव्हतं. आंधळा म्हातारासुद्धा मध्येच तंबाखू मळायला थांबायचा.

त्या वर्षी ज्योत्सना चालायचीच वेगळी. जाळ्याच्या दिवशी पोरीचे केस तेल लावून विंचरायची, आणि दोघी पाळीवर यायच्या. उशीर झाला तर लोक विचारायचे, "नीतूबाई आली का? मासोळी बसली हाय तिच्यासाठी." कोणी बिस्किट आणायचं. यादोरावची नात गुड्डी तिच्यासाठी शंख वेचून ठेवायची. मंदाबाई तर सगळ्यांना सांगत सुटली, "आमची नात सोसायटीत हाय." ज्योत्सना मला एकदा भिंतीवरून म्हणाली, "काकी, गावाले तिचं काम पडते ना, मंग माह्या मागं कोनी तिले बांधनार नाही. बांधलं त वाटे कोन देईन?"

मला हे पटलं. पण माझं एक दुखणं सुरू झालं होतं. माझा वाटा दर वेळी भिकार निघायचा. शेपट्या, काटे, चेपलेले झिंगे. एकदा-दोनदा ठीक, पण चार महिने? मी देवाला बोल लावला, शनीला तेल घातलं, सुनेला म्हटलं तुझ्या पायगुणानं. सून म्हणाली, "आई, मले येऊन सात वर्स झाले. पायगुन आत्ता निघाला का?"

खरी गोष्ट अशी होती, आणि ती मला त्या बेशरमाच्या झुडपाआड समजली. नीतूला नेम लागतो. सुपातून ती हाताला लागेल ती खूण उचलायची नाही. चमकतं ते पहिलं, म्हणजे यादोरावचं पितळेचं बटण. मग लाल काचा, मग हिरव्या, मग काड्या लहान-मोठ्या क्रमानं, मग गोटे. काळं शेवटी. काळा एकच, माझा चिंचोका. दर वेळी हेच, आणि ढिगल्याही ओळीनंच. ज्याला आपला-परका समजत नाही त्याला क्रमही समजत नाही, असं आम्ही अठराही घरांनी धरून टाकलं होतं. पोरीच्या शंखांच्या रांगा रोज ओलांडून आम्ही पाण्याला जात होतो, तरी.

दोघांनाच उमगलं. यादोरावला, कारण ढिगल्या तोच पाडायचा. पहिली ढिगली दिवसेंदिवस पोट काढायला लागली आणि शेवटची सुकायला लागली. आणि ज्योत्सनाला, कारण ती पोरीच्या हाताकडं पाहायची. तिनं आधी पोरीला बदलायचा प्रयत्न केला. घरी चिंचोके-बटणं घेऊन बसायची, डोळे मिटून उचल म्हणायची. नीतू डोळे मिटायची नाही. मिटवले तर चावायची. मायच्या मनगटावर दातांचे वळ मी पाहिले होते. विचारलं तर म्हणाली, मांजर. मग शेवटी यादोरावला हात जोडले. तो काय म्हणाला ते वर लिहिलंच आहे.

ती गप्प बसली, ती पोरीसाठी. मी गप्प बसायला हवं होतं, मी बसले नाही. हातपंपावर एकीला सांगितलं, कोणाला सांगू नको म्हणून. चार महिन्यांच्या शेपट्या घशात अडकल्या होत्या ना. संध्याकाळपर्यंत अठराही घरांना कळलं, आणि दुसऱ्या सकाळी पाळीवर सगळे जमले.

यादोराव सगळ्यात आधी बोलला. "मले काय मालूम बाप्पा! पोट्टीले तिच्या मायनं शिकवलं असन."

"मी शिकवलं? माहा वाटा कितवा येत होता, इचारा ना लोकाइले," ज्योत्सना म्हणाली. तिची खूण हिरवी काच. वाटा मधला, ना बरा ना वाईट.

"पन तुले मालूम होतं का नाही?" टेकचंदनं विचारलं. चांगला पोरगा आहे, आवाज चढवला नाही.

"होतं."

"किती दिवसापासून?"

"दोन महिने."

मग बायांना तोंड फुटलं. कोणी म्हणे, यादोरावचं आणि हिचं काय साटंलोटं होतं तेही पाहा. लिलाधर तिथंच उभा होता, ओल्या जाळ्याची गाठ सोडवत. त्यानं मान वर केली नाही. मी मागं उभी होते. बोलायला पाहिजे होतं की यादोरावनं धमकावलं, मी ऐकलं. तोंड उघडलं तर म्हणतील, बुढी झुडपाआड काय करत होती. एवढ्यासाठी मी बोलले नाही. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, आज लिहिते.

आठ दिवसांत टेकचंदनं सोसायटीसाठी वजनकाटा आणला. आता प्रत्येकाला मोजून मिळतं. झिंग्याचाही फरक पडत नाही. यादोराव काट्यावर बसतो. त्याचं काही बिघडलं नाही.

ज्योत्सना त्या दिवसानंतर माझ्या दारात आली. मी म्हटलं, आता खरं-खोटं ऐकवणार. ती उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "काकी, तुमचा वाटा लहान येत होता. मले दिसत होतं. रोज भिंतीवरून तुमच्या घरचा वास येत होता, नुसत्या शेपट्याइच्या रश्श्याचा. मी बोलली नाही. तुमी बोलल्या. तुमचं बराबर हाय."

शिव्या दिल्या असत्या तर मला झोप लागली असती.

नीतूला कोण समजावणार? जाळ्याच्या दिवशी ती केस विंचरून घ्यायला मायसमोर बसायची. पाळीवर जाऊन आपल्या जागेवर उकिडवी व्हायची. समोर सूप नाही, पळसपानं नाहीत. थोडा वेळ हात हवेत फिरवायची आणि मग डोकं जमिनीवर. ज्योत्सना तिला कवळ्यात धरून उचलून न्यायची, आणि दहा वर्षांची धडधाकट पोर ती, मायला लाथा. लोक वाट सोडून उभे राहायचे. बिस्किट मात्र आता कोणी आणत नव्हतं.

मग तिनं दुसरं काढलं. जाळ्याच्या दिवशी पोरीला पाळीवर जाऊच द्यायचं नाही, उलट्या दिशेला न्यायचं. नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, पलीकडं शेतकऱ्यांचा मोहल्ला आहे, तिथं ज्योत्सना मासोळी विकायची. अकरा घरं ठरलेली. ती नीतूला सोबत न्यायला लागली. नीतूकडं पळसपानांचा गठ्ठा. दारात पोचलं की नीतूनं ओट्यावर पान ठेवायचं, मायनं त्यावर मासोळी. महिनाभर किंचाळ्या झाल्या. मग बसलं. एकदा बसलं की मग बाराव्या घरी बोलावलं तरी पोरगी जाणार नाही आणि अकरातलं एक टाळू देणार नाही. पाचव्या घरातली माणसं साकोलीला लेकीकडं गेली होती तेव्हा कुलपासमोर पान ठेवून दोघी उभ्या राहिल्या, मग पुढं.

ज्योत्सनाच्या डोक्यात पुन्हा तेच सुरू होतं, ते मला दिसत होतं. ती फेरीत हळूहळू मागं राहायला लागली. आधी पाच पावलं, मग दहा, मग नहराच्या पुलापर्यंत. मी म्हटलं, "काय करून राहिली व?"

"पाहून राहिली. मी नसली तरी जाते का."

"जाते का?"

"जाते. पन पान ठेवते अन् मागं पाहते."

तिच्या पोटात रोगाचा गोळा होता. कधीपासून होता ते तिनं सांगितलं नाही. पिवळी पडली तेव्हा लिलाधर नागपूरला घेऊन गेला. तिथं ठेवून घ्यायचं म्हणाले. ती चार दिवस राहिली. चार दिवस नीतूनं घास घेतला नाही. पाचव्या दिवशी ज्योत्सना स्वतःच्या मनानं बसमध्ये बसून परत आली, सुई टोचलेली पट्टी हाताला तशीच. मी खूप बोलले तिला. म्हणाली, "तिथं काय होनार होतं काकी? डाक्टरनं माह्यासमोर लिलाधरले बाहेर बोलावलं. तेवढं मले बी समजते."

त्यानंतर घाई. लिलाधरच्या हातून पोरीला जेवायची सवय लावायची होती. नीतू तोंड वळवायची. बांगड्यांचा आवाज नव्हता ना. एका दुपारी मी भिंतीवरून मीठ मागायला वाकले, तर आत लिलाधर, हा एवढा मिशीवाला माणूस, बायकोच्या हिरव्या बांगड्या घालून बसलेला. मनगटावर जाईनात म्हणून ज्योत्सनानं तेल लावून चढवल्या होत्या. हातात भाताचा घास. ज्योत्सना भिंतीला टेकून सांगत होती, "हालव. जरा हालव हात. नुसता दगडावानी काय धरते?"

"आवाज होऊन राहिला ना."

"माह्यासारखा नाही होऊन राहिला."

नीतूनं खूप वेळानं तोंड उघडलं. लिलाधर रडत होता की त्याच्या मिशीला घाम आला होता, मला नीट दिसलं नाही. मी मीठ न मागता मागं सरले. त्या दिवशी आमची भाजी अळणी झाली. सुनेनं नाव ठेवलं ते ठेवलंच.

ज्योत्सना माघ महिन्यात गेली, गुरुवारी, उन्हं वर आल्यावर. एकोणचाळीस वर्षांची होती.

आता कसं आहे ते सांगते, कारण लोक विचारतात. घास लिलाधर भरवतो, बांगड्या घालून, दार लोटून. तेवढं झालं. पण सकाळी तो जाळ्यावर जातो, पाण्यातून बाहेर यायला दुपार होते, आणि मंदाबाईचे गुडघे आता तिला उठू देत नाहीत. म्हणून पट्टी पुन्हा निघाली. मी भिंतीला वळसा घालून जाते, पट्टी सोडते, पोरीजवळ बसते. मंदाबाई पाहते, काही म्हणत नाही. मी घरी आले की ती पुन्हा बांधते. आम्ही दोघी म्हाताऱ्यांचं हे रोजचं आहे, त्यावर एक शब्द अजून झालेला नाही. फेरीच्या दिवशी नीतू पानांचा गठ्ठा मागते. हात पुढं करते. लिलाधर एकदा तिला घेऊन गेला. तिसऱ्या घरची बाई ज्योत्सनाच्या आठवणीनं मोठ्यानं रडायला लागली, नीतूनं कान दाबले आणि तिथंच बसून राहिली. खांद्यावर टाकून आणावी लागली. पुन्हा नेली नाही.

मरायच्या आधीच्या रविवारी ज्योत्सना फेरीला निघाली होती. पाय सुजलेले, डोळे हळदीसारखे. मी म्हटलं, "आज राहू दे."

"आज जाळं ओढून राहिले काकी. पोट्टी पाळीवर जाईन."

मी सोबत गेले. पडली तर उचलायला कोणी हवं. बांधीत भातामागून पेरलेली लाखोळी हिरवीगार होती. नीतू पुढं, ज्योत्सना मध्ये, मी मागं. दर घरी नीतूनं पान ठेवलं, ज्योत्सनानं घमेलं उतरवलं, मासोळी घातली, पुन्हा उचललं. कोणालाच सांगितलं नाही की बरं नाही. आठव्या घरी पाणी मागितलं, तेवढंच.

अकरावं घर सेवकराम पाटलाचं. पाटलीणबाई ओट्यावर उभी. "काय व ज्योत्सना, मागच्या खेपेची मरळ वास मारत होती."

"मरळ नाही ताई. तुमी ठेवून देल्ली दोन दिवस, ते वास मारत होती."

"तोंड मोठं झालं तुहं. हे बारकी काहून आनली?"

"बारकीच गोड लागते. पाटलाले इचारा."

पाटलीणबाई हसली. नीतूनं पान ठेवलं, मागं पाहिलं. ज्योत्सनानं घमेल्यातली उरलीसुरली मासोळी त्यावर घातली, वरून दोन झिंगे टाकले.

"परवा येशीन त झिंगेच आन जास्तीचे. जावई येऊन राहिले."

"आनते ना."

ती खाली बसली, पदराची चुंबळ करून डोक्यावर ठेवली, आणि मला म्हणाली, "काकी, हात लावा." घमेलं रिकामं होतं, त्याला काय हात लावायचा. मी लावला. ती माझ्या खांद्याला धरून उठली, पोरीला "चाल" म्हणाली, आणि नीतूच्या मागं नहराच्या वाटेला लागली.